अक्काचा हेल

॥ श्री ॥

हर्सूल,
ता. २४ ऑगस्ट १९८८

चि. बन्सीस अक्काचे आशीर्वाद. द्यायची रीत आहे म्हणून दिले.

तुझी कॅसेट पोचली. पोस्टात हरवली असती तर मी मारुतीला नारळ फोडला असता. मला इतकी शिसारी आलीय की त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाय. काय झालं ते नीट सांगते, म्हणजे तिथं मुंबईत बसून तुला कळंल की तू काय करून ठेवलंस.

रविवारी माझ्या रामकिसनला सुट्टी. मामाची कॅसेट आली म्हणून त्याला कोण आनंद! चिकलठाण्याच्या कंपनीत लागल्यावर त्यानं टेप घेतलाय, तो ओट्यावर आणून ठेवला आणि आवाज पार शेवटापर्यंत पिळला. गल्लीला कळू दे म्हणाला, माझा मामा पियानो वाजवतो. तुझे दाजी जेवून पुढच्या खोलीत बाजेवर पडले होते, माशा लई म्हणून डोक्यावरून चादर ओढून. मी आत भाकरी थापत होते. आधीची दोन-तीन गाणी झाली, ती ठीक. खाली डाव्या हाताची बैलगाडी चाललेली आणि वर उजव्या हाताचं आपलं काहीबाही. ना तबला, ना गाणारं माणूस. रामकिसन म्हणाला, मामानं एकट्यानं वाजवलंय सगळं. मी म्हटलं, त्याच्याजवळ दुसरं बसणार तरी कोण.

मग ते पुढचं लागलं आणि माझा हात परातीतच राहिला. बन्सी, तो माझा हेल होता. आई गेली तेव्हा वेरूळला मी जो हेल काढून रडले, तो. शब्द एक नाय, निस्ता पियानो, आणि तरी माझा गळा. मी उठून बाहेर येईपर्यंत कोपऱ्यावरची भागूबाई ऊर बडवत आलीसुद्धा. सासूबाई गेल्या तेव्हा, थोरली जाऊ गेली तेव्हा तिनं मला रडताना ऐकलेलं. आमच्याकडं बाई रडायला लागली की तिचा हेल ऐकून बाया घर ओळखतात, हे तुला सांगायला नको. तिला वाटलं द्वारका रडतीय, म्हणजे घरातलं कुणी तरी गेलं. दारात येऊन बघते तर बाजेवर माणूस झाकलेला. तिनं थेट तुझ्या दाजींच्या पायावर लोळण घेतली आणि त्यांचे गुण सांगत रडायला लागली. दाजी दचकून उठून बसले. भागूबाई जी किंचाळली, ती अजून माझ्या कानात आहे. तिच्या मागून गल्लीतल्या बाया, कुणी चुलीवर तवा टाकून, कुणी तान्हं पोर काखेत मारून.

तुझे दाजी हसतात. म्हणतात, माझे एवढे गुण भागूबाईला ठाऊक आहेत हे मला जित्यापणी कळलं, बन्सीला बक्षीस द्या. मला हसू येत नाय. जित्या माणसाच्या घरात मयतीचं रडणं वाजलं. मी त्यांच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, तरी माझी धडधड जात नाय.

आणि ते वरचं चित्र! खांदे उघडे टाकलेली एक बाई, हातात दारूचा पेला. मागच्या बाजूला गाण्यांची नावं, त्यात 'अक्का'. रामकिसननं ते सगळ्या बायांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. छी! आईच्या मढ्यावर मी रडले आणि तू ते हाटेलात पिणाऱ्यांना वाढलंस? सख्ख्या भावानं असं करावं?

ते गाणं त्यातून काढ. बाकीचं काय ठेवायचं ते ठेव, मला घेणं नाय. पण ते काढ.

दाजींनी आशीर्वाद सांगितलाय. माझा वरचाच पुरवून घे.

तुझी
अक्का


मुंबई,
ता. ३१ ऑगस्ट १९८८

ती. सौ. अक्कास बन्सीचा सा. न. वि. वि. तू पाय मागं ओढून घेतले असशील, तरी नमस्कार.

पत्र वाचून आधी हसलो, मग लाज वाटली, मग पुन्हा भागूबाई आठवली आणि हसलो. दाजींना माझ्या वतीनं हात जोड. त्यांची तब्येत ठणठणीत आहे हे त्यांच्या बोलण्यावरून दिसतंच आहे.

चित्राबद्दल तू बोललीस ते कमीच. ते पाहून मला स्वतःला ओकारी आली होती. कंपनीचा मालक म्हणाला की नुसत्या पियानोची कॅसेट कोण घेतो, बाई पाहिजे. मी वेरूळच्या आपल्या मळ्याचा फोटो दिला होता, विहिरीवरचा. त्यानं तो परतसुद्धा केला नाही. आणि हॉटेलाचं काय विचारतेस? एवढी वर्षं मी लोकांच्या जेवणात पियानो वाजवतो आहे. परवा एकानं कोंबडीचं चघळलेलं हाड माझ्यासमोर पट्ट्यांवर ठेवलं आणि सिनेमातलं गाणं वाजव म्हणाला. मी रुमालानं पट्ट्या पुसल्या आणि वाजवलं. मला या धंद्याचा वीट आला आहे, अक्का. पुसलं तरी तूप जात नाही, बोटं घसरतात.

म्हणून ही एक कॅसेट मी माझ्यासाठी केली. त्यात मी जे वाजवतो त्याला ब्लूज म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे गाणं. गोऱ्यांच्या रानात कापूस वेचता वेचता त्यांनी जन्म काढले, त्यांच्या तोंडून ते आलं. चाल एकच, फिरून फिरून तीच. जे सलतं ते एकदा सांगायचं, पुन्हा तेच सांगायचं, आणि मग त्यावर उत्तर द्यायचं. मुंबईत आल्यावर मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला परकं वाटलंच नाही. वाटलं, या तर आपल्याकडच्या बाया रडताहेत.

मी तुझं रडणं टेप केलेलं नाही. तेवढा नीच नाही मी. आई गेली त्या दिवशी तुम्ही बाया आत होता आणि मी ओट्यावर पुरुषांत. तंबाखू फिरत होती, उसाच्या भावाचं बोलणं चाललं होतं. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आतून तुझा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, नुसता सूर. तो डोक्यात बसला तो बसलाच. पुढं कधी तरी रिकाम्या हॉटेलात दुपारी पियानो पुसताना तो हातात आला, आणि मी तिथं रडलो. आईसाठी मी रडलो तो तेव्हा, तुझ्या गळ्यानं.

नानांनी पोलीस ॲक्शननंतर छावणीतल्या लिलावात तो पियानो आणला ते तुला आठवतं ना? हैदराबादेला निघालेल्या कुणा अंमलदाराचं सामान. नानांना वाटलं नक्षीचं कपाट आहे, आईला कपडे ठेवायला होईल. दौलताबादच्या घाटात दोन बैलजोड्या लावून आणला आणि घरी आल्यावर कपडे ठेवायला फळी सापडेना. आईनं त्यावर कांदे पसरले. कांदे बाजूला सारून मी वाजवायचो आणि तू ओरडायचीस. तेव्हापासून तू माझ्यावर ओरडतेस आणि मी वाजवतो.

ते गाणं काढता येणार नाही, अक्का. बाकीची सगळी त्याच्यासाठी वाजवली आहेत. आणि भागूबाईला सांग, माझ्या वाजवण्यानं आजवर एक माणूस जेवणावरून उठलेलं नाही. ती ऊर बडवत धावली.

रागातही आठवण ठेवतेस, तेवढी ठेवत राहा.

तुझा
बन्सी


॥ श्री ॥

हर्सूल,
ता. १२ सप्टेंबर १९८८

चि. बन्सीस आशीर्वाद.

तुझं पत्र रामकिसननं वाचून दाखवलं आणि मग मी स्वतः पुन्हा वाचलं. लई गोड लिहितोस. तुझ्या या गोड बोलण्याचीच मला शिसारी येते.

कापूस वेचणाऱ्यांचं सांगतोस मला? मी काय गादीवर बसून दिवस काढले? सासरी आल्यापासून दर हंगामात कापूस वेचलाय, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटून निघालीत. त्या लोकांनी आपलं दुःख आपल्या तोंडानं गायलं, मला त्यांच्याबद्दल काय बोलायचं नाय. तू माझं घेतलंस. मला विचारलंस? एक कार्ड टाकून विचारायचं होतंस. मी नको म्हटलं असतं म्हणून विचारलं नाहीस, व्हय ना?

इथं काय चाललंय ते ऐक. गल्लीतले टवाळ रामकिसनला म्हणतात, ती मयतीची कॅसेट लाव की. भागूबाई दाजींसमोरून जाताना अजून तोंड फिरवते, तिची इतकी फजिती झाली. मी पाणी भरायला गेले की बाया एकदम गप्प होतात. उद्या खरंच कुणी गेलं तर मी तोंड उघडू कशी? त्यांना वाटंल टेप लावलाय. मी ती कॅसेट माझ्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी घालून कुलूप लावलंय.

आणखी एक. रामकिसन म्हणाला, सगळं ऐकून तरी घे. सगळे बाहेर गेल्यावर मी आवाज बारीक करून शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या त्या गाण्याच्या शेवटी तू काय केलंस रे ते? लेकराला पाळण्यात घालून झोका द्यावा तसं सगळं मऊ मऊ करून टाकलंस. मला तिथं अंगावर काटा आला, घाणेरडा काटा. मी त्या दिवशी अशी गप्प झाले नव्हते. घसा बसला, छातीत हवा राहिली नाय, कुणी तरी पाणी पाजलं, म्हणून थांबले. चोरायचंच होतं तर नीट तरी चोरायचं.

आता शेवटचं सांगते. ते गाणं कॅसेटीतून निघालं नाय, तर या भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नको. ताट करणार नाय, ओवाळणार नाय. दाजी मधे पडले तरी ऐकणार नाय. नाना-आई गेल्यावर आपण दोघंच राहिलोत, हे मला कळतं. कळूनच लिहितेय.

अक्का


मुंबई,
ता. ८ ऑक्टोबर १९८८

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कंपनीच्या मालकाला गाठायला वेळ लागला. आता सांगतो ते वाचून ताट घासायला काढ.

गाणं काढलं. नव्या कॅसेटी निघतील त्यात 'अक्का' नसेल. दुकानांत उरलेल्या मी जाऊन परत आणल्या, माझ्या खोलीत पलंगाखाली पडल्या आहेत. मालकाला वाटलं मी भांडायला आलो, आणि मी ते गाणं काढा म्हटल्यावर तो इतका खूश झाला की त्यानं मला चहा पाजला. म्हणाला, तेच एक रडकं होतं, त्याच्या जागी पार्टीचं काही तरी द्या. दिलं. एका दुपारी जाऊन वाजवून आलो. घरी येऊन साबणानं हात धुतले, अक्का, खरंच धुतले.

शेवटाबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. तो गोड शेवट मालकाचा. माझं वाजवणं अर्धवट थांबत होतं. तो म्हणाला, गिऱ्हाइकाला वाटेल टेप तुटली, जरा झोपवून द्या. मी झोपवलं. तेव्हाच मला स्वतःची किळस आली होती, पण मला वाटलं आपल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

आता ते गाणं कुठंच नाही, म्हणून एक विचारतो. रागावू नको, आणि सांगायचं नसेल तर सांगू नको. तुझा हेल आधी वर होता, आई गं आई गं असा, तो मला समजला. पण मधेच तो खाली उतरला आणि बराच वेळ तिथंच राहिला. तो सूर पियानोत नाही. पियानोवर एक पट्टी त्याच्या वर पडते, एक खाली, आणि तो दोन्हींच्या मधे. ब्लूजवाल्यांनाही तोच सूर लागतो, त्यांनाही पियानोवर तो सापडत नाही, म्हणून ते दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबतात आणि तो मधला सूर जवळपास येतो. मीही तेच केलं. पण इतर कुणाच्याही मयतीत तुला असं खाली उतरताना मी ऐकलं नाही. तिथं तू आईला काय म्हणत होतीस?

भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं उतरतो. नको म्हणालीस तर स्टेशनवरून परत जाईन, पण येणार.

राग उतरला नसला तरी ओट्याच्या एका पायरीवर बसायला जागा दे.

तुझा
बन्सी


॥ श्री ॥

हर्सूल,
ता. २६ ऑक्टोबर १९८८

चि. बन्सीस अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

ये. ताट घासून ठेवलंय. दाजींनी तुझ्यासाठी करडईची भाजी कुठून तरी पैदा करायची ठरवलीय. ते ठणठणीत आहेत. भागूबाईला रोज चिडवतात की माझे राहिलेले गुण कधी सांगणार.

तू विचारलंस ते सांगते. आजवर कुणी विचारलं नाय. सांगून झालं की तू आलास तरी पुन्हा त्यावर बोलायचं नाय.

वरचा होता तो आईसाठी. खाली उतरला तो पुतळीसाठी. तुला तेव्हा एवढंच कळवलं होतं की अक्काला मुलगी झाली होती, ती राहिली नाय. पण ती चांगली वर्षाची होऊन गेली, बन्सी. उंबऱ्याला धरून उभी राहायची आणि दाजी रानातून आले की टाळ्या वाजवायची. तापानं गेली. सासूबाई म्हणाल्या, दुधावरच्या लेकराच्या मागं हेल काढायचा नसतो, पुढच्या लेकराला बाधतं. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले. दाजी तिला घेऊन गेले आणि मी भाकरी केल्या. मग सासूबाई गेल्या, जाऊ गेली, रडायला मिळालं, पण ती माणसं तिकडची, त्यांना काय सांगायचं? आई गेली तेव्हा आईचे गुण सांगता सांगता माझ्या तोंडून निघालं, की तिकडं पुतळी आहे, तिला जवळ घे, तिला अंधाराचं भ्या वाटतं. तेच म्हणत राहिले. बायांना वाटलं मी आईसाठीच रडतीय. भोवती बसलेल्या एकीलाही कळलं नाय. आणि बाहेर तंबाखूच्या घोळक्यात बसलेल्या तुला शब्द नाय कळले, पण उतरलेलं कळलं.

म्हणून मला किळस आली. मी इतकी वर्षं झाकून ठेवलेलं ओट्यावर टेपात वाजत होतं आणि वर त्या बाईच्या हातात पेला. ती किळस अजून गेली नाय. खोटं कशाला बोलू. ते गाणं बाजारातून काढलंस ते बरं केलंस. पुतळी विकायची नाय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पेटीतली कॅसेट मी चुलीत घालायला बाहेर काढली. घातली नाय. हातात धरून बसले आणि मनात आलं, मी गेले तर माझ्या मागं कोण रडणार? आपल्याकडं लेक रडते, बहीण रडते. मला लेक राहिली नाय, बहीण देवानं दिली नाय. रामकिसन आणि त्याचा भाऊ, दोन्ही पोरं भिंतीला टेकून उभी राहतील. उद्या सुना येतील त्या रडतील, पण सून सासूचे गुण सांगणार तरी किती? दमून जाईल बिचारी. तू येशील मुंबईहून, बसशील ओट्यावर, पुरुषांत, कोरडा. तुझी रीत मला ठाऊक आहे.

तर आता ऐक. रिकाम्या हाटेलात दुपारी ते पुन्हा वाजव, एकट्यानं. चांगलं पुसून घे पट्ट्या, कुणाचं हाड नको त्याच्यावर. खालचं होतं तसंच ठेव, दोन्ही पट्ट्या दाब. आणि शेवटी झोपवू नको. मी थांबले तसं थांब, टेप तुटल्यासारखं वाटू दे. त्याची एकच कॅसेट कर. चित्र नको, नाव नको. भाऊबीजेला ओवाळणीत तीच टाक, साडी आणलीस तर परत देईन.

ती मी पेटीत ठेवणार आहे आणि किल्ली कुठं असते ते रामकिसनला सांगून ठेवलंय. मी जिती आहे तोवर कुणी लावायची नाय, तू सुद्धा नाय. त्या दिवशी मात्र टेप ओट्यावर काढायचा आणि आवाज शेवटापर्यंत पिळायचा. भागूबाई माझ्या मागं राहिली तर येईलच धावत. येऊ दे. या वेळी तिची फजिती होणार नाय.

गाडीत खिडकीशी बसू नको, थंडी पडलीय. जपून ये.

तुझी
अक्का